'भोंगा'च्या कॅसेटमधली बाई

मंजुळा घाडीचा आवाज आमच्या डिलाईल रोडच्या चाळीत कुणालाही डोळे मिटून ओळखता यायचा. खाली नळावरून तिनं हाक मारली की तिसऱ्या मजल्यावरचा तिचा नंदेश धावत यायचाच, सोबत दोन-चार भलतीच पोरंही येऊन उभी राहायची. हा आवाज पुढे पुण्या-बंगलोरची मुलं पाठ करणार आहेत असं कुणी सांगितलं असतं, तर तिनं त्याला पाणी प्यायला दिलं असतं आणि पंख्याखाली बसवलं असतं.

ब्याऐंशी साली संप झाला तेव्हा तिचा नवरा धोंडू मिलच्या साचाखात्यात, कापडाच्या मागांवर होता. शेजारच्या खोलीतला गुणाजी सावंतही तिथंच. शेकडो साच्यांच्या खडखडाटात माणसं एकमेकांचे ओठ वाचून बोलत, आणि कळलं हे दाखवायला तेच शब्द आपल्या ओठांनी बिनआवाज परत म्हणत. ही सवय दोघांनी घरी आणली. धोंडू जेवता जेवता मंजुळेचं बोलणं असं ओठांवर घोळवी. लग्नाच्या पहिल्या वर्षी तिला वाटे, हा आपल्याला वेडावतोय. मग तीही ओठ वाचायला शिकली. गुणाजीचे कान तर असे बसले होते की शांत खोलीत मारलेली हाक त्याला ऐकू जात नसे. पण वरातीच्या बँडशेजारी उभं केलं तर कोण काय कुजबुजलं तेही तो सांगे.

संप वर्षभर चालल्यावर धोंडू ट्रंक घेऊन गावी गेला. शेती बघायला, असं मंजुळेनं सगळ्यांना सांगितलं. चार महिने तो नव्हता. त्या काळात गुणाजी युनियनकडून मिळालेल्या तांदळातला वाटा दर शनिवारी तिच्या उंबऱ्यावर ठेवायचा.

"वयनी, संपवाल्याची चूल विझाक नको," म्हणायचा.

मंजुळा त्याच्या घरी गावाहून आलेली सोलं द्यायची. गुणाजी त्या सोलांची कढी पिऊन म्हणायचा, "ह्येंका म्हणतत गावची सोलां!" मोर्च्यात त्याचा डावा कोपर मोडला तो वाकडाच राहिला. पुढे मिल अर्धीमुर्धी सुरू झाली. धोंडूला घेतलं, गुणाजीला नाही. नशीब एकेकाचं, म्हणाले सगळे. त्र्याण्णव साली धोंडू गेला तेव्हा त्याच वाकड्या हातानं गुणाजीनं खांदा दिला.

नंदेश कॉलेजात गेला आणि गिटार घेऊन आला. दादरच्या पारशी कॉलनीतल्या मुलांशी त्याची ओळख झाली. हार्डकोर पंक नावाचं काहीतरी ते वाजवत. दीड मिनिटाचं गाणं, त्यात ड्रम आणि किंचाळणं. नंदेशनं चाळीतल्या दोघांना घेऊन स्वतःचा बँड काढला, 'भोंगा'. सत्त्याण्णवला दोन्ही बँडनी मिळून एक कॅसेट करायची ठरवली. एक बाजू दादरवाल्यांची, एक 'भोंगा'ची. असल्या कॅसेटला ते स्प्लिट म्हणत.

मंजुळेला हे सगळं आजारपण वाटे. त्याच सुमारास एकदा तिनं त्याला नोकरीवरून सुनावलं. नंदेश म्हणाला, "बाबा उपाशी राहिले पण झुकले नाहीत. तू मला झुकायला शिकवतेस?"

त्यावर ती काहीबाही ओरडली. काय ओरडली ते फक्त त्या दोघांना माहीत होतं. दहा बाय बाराच्या खोलीत टेपरेकॉर्डर कुठं ठेवलाय आणि तो चालू आहे की बंद, हे तिनं पाहिलं नव्हतं.

कॅसेट आली त्या रविवारी दुपारी गुणाजीनं गॅलरीत खुर्ची टाकली. "झिला, माका ऐकव तुझो धिंगाणो."

"नको काका, डोकं दुखेल."

"साच्यात वीस वर्सा काढलंय मी. लाव!"

आम्ही सगळ्या बायका दारात उभ्या होतो. पहिली बाजू झाली तेव्हा हसून पोटं दुखली. सुंदराबाई, गुणाजीची बायको, म्हणाली, "ह्यांका कुणीतरी लिंबू उतरवा गो!" मंजुळाही हसत होती. मग नंदेशनं चाचरत दुसरी बाजू लावली. तिसऱ्या गाण्यात ड्रमच्या मागे एका बाईचा आवाज ओरडत होता. शब्द काही कळेना.

"मंजुळे, गो तूच ती!" सुंदराबाई ओरडली. चाळभर हशा पिकला.

मंजुळेनं लाजून गुणाजीकडे पाहिलं. तो हसत नव्हता. पुढे वाकून बसला होता आणि त्याचे ओठ हलत होते. तिनं ते वाचले.

*कुठला झुकला नाय? संप चालू असताना मागच्या गेटानं आत गेला. चार महिने मिलमधेच राहिला, काम केलं. गाव कसला! आणि मी गुणाजीचे तांदूळ खाल्ले.*

तिच्या हातातला चहाचा ट्रे तसाच तिरका झाला. कप एकेक करून घसरले. आम्हाला वाटलं, चक्कर आली.

गाणं संपलं. गुणाजी म्हणाला, "परत लाव."

"काका..."

"लाव म्हणतंय."

दुसऱ्यांदा त्यानं डोळे मिटून ऐकलं. मग मंजुळेला विचारलं, "ती सोलां?"

"लालबागच्या बाजारातली, भावजी."

तो उठला. खुर्ची तिथंच राहिली. आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो. हे सगळं मंजुळेनं मला सांगितलं ते फार पुढे, गुणाजी गेल्यावर.

त्या दिवशी मात्र आत जाऊन तिनं नंदेशच्या थोबाडीत मारली. तो गाल धरून म्हणाला, "इतक्या आवाजात कुणाला कळणार होतं आई? मला ते कुठंतरी ठेवायचं होतं. नुसतं पोटात राहत नव्हतं." तिच्या पोटात ते चौदा वर्षं राहिलं होतं.

रोज सकाळी ती गुणाजीच्या दाराकडे बघे. आज बोलेल, आज चाळीला सांगेल. त्यानं सांगितलं नाही. तिच्याशीही बोलला नाही. गणपतीत तिच्या घरचा मोदक सुंदराबाईनं घेतला, त्यानं ताट सरकवून दिलं.

कॅसेट मात्र पसरली. मुलं कॅसेटच्या कॉप्या काढून एकमेकांना पाठवत. ती ऐकून कितीतरी जणांनी म्हणे बँड काढले. सहा-सात वर्षांनी बंगलोरहून तीन मुलं चाळ शोधत आली, काळे टीशर्ट घालून. नंदेश कामावर होता. गॅलरीत गुणाजी बसला होता. त्याला ऐकू जावं म्हणून त्यांनी ओरडूनच विचारलं, "अंकल, वो गाने में आँटी क्या बोलती है?"

मंजुळा आत मासळी साफ करत होती. तिचा हात विळीवर थांबला. दारातून तिला गुणाजीचा अर्धा चेहरा दिसत होता.

त्यानं वाकडा कोपर कठड्यावर टेकवला. मग म्हणाला, "कुछ नहीं. नल पे झगड़ा चल रहा था. पानी का."

मुलं खूश होऊन गेली. मंजुळा दारापर्यंत आली. हात मासळीचे, तसेच. "भावजी," ती म्हणाली, तिच्या त्या आवाजात, शेवटच्या खोलीपर्यंत जाईल अशा.

गुणाजी खाली रस्त्याकडे बघत राहिला. गॅलरी अगदी शांत होती. त्याला ऐकू गेलं नसेलही.