‘रन’वर बोलायचं होतं

आमच्या हिंदीभाषक शहरातल्या कॉलेजात, बी.ए.च्या पहिल्या वर्षी इंग्रजीच्या मॅडमनी प्रत्येकाला एकेक क्रियापद दिलं आणि त्यावर वर्गासमोर पाच मिनिटं बोलायला सांगितलं. माझ्या वाट्याला ‘रन’ आलं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मीच पहिली. हे जमलं नाही तर इंग्रजी सोडून इतिहास घ्यायचा, असं मी ठरवलं होतं. फक्त आईला सांगितलं होतं.

तयारी करताना मात्र मी हरखूनच गेले. धावणं तर ठाऊक होतं, पण इंग्रजीत नाक रन करतं, नळ रन करतो, बस रन करते, कपड्याचा रंगसुद्धा. दाल बाजारातला शेठ दुकान रन करतो. आपण निवडणूक लढवतो, इंग्रजीत तिच्यासाठी रन करतात! खासगी बाजार नावाच्या आमच्या पेठेतून घरी येताना मी एकटीच हसत होते. आईला सगळं ऐकवलं. भाजी चिरता चिरता ती म्हणाली, "म्हणजे एकट्या बिचाऱ्याच्या गळ्यात घरभराचं काम."

बोलायच्या दिवशी वर्गासमोर उभी राहिले आणि माझे हात आपोआप जोडले गेले. आजवर लोकांसमोर मी उभी राहिले होते ती फक्त मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात, स्तोत्र म्हणायला. पाठ केलेलं इंग्रजी त्याच चालीत बाहेर पडू लागलं. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "प्रसाद कब मिलेगा?" सगळा वर्ग हसला. मला पुढची ओळ आठवेना. एक ओळ गेली आणि तिच्यामागे सगळंच गेलं.

खाली बसावंसं वाटत होतं. पण निवडणुकीची गंमत सांगायची राहिली होती, आणि ती सांगितल्याशिवाय मला राहवेना. हात सोडले. मोडक्या इंग्रजीत सांगू लागले, अडलं तिथे हिंदीत. मग नळ, मग रंग. त्याच मुलीनं विचारलं, "तो मेरा काजल भी रन करता है?"

"हाँ, रोज़ करता है," मी म्हटलं. वर्ग पुन्हा हसला, पण आता माझ्याबरोबर.

मॅडमनी थांबवलं तेव्हा माझ्याकडे कितीतरी उदाहरणं शिल्लक होती. उरलेली उद्या तासाच्या सुरुवातीला सांग, असं त्या म्हणाल्या.

घरी पोहोचताच आईनं हळूच विचारलं, "मग, इतिहास घ्यायचा का?" मी चप्पलही न काढता दारातूनच तिला उद्याची उदाहरणं सांगायला लागले.