शरयूकाकूंची हाक

शरयूकाकू पिल्लांना हाक मारत नसत. जिचा उभा जन्म कोंबड्यांत गेला, त्या बाईनं मुक्यानं दाणे घालावेत, हे मला पहिल्या दिवसापासून खटकत होतं.

काकू म्हणजे माझ्या नवऱ्याची, सुशांतची, सख्खी काकू. नवापूरला त्यांची आणि श्रीरामकाकांची पोल्ट्री होती. २००६ साली बर्ड फ्लू आला, पोल्ट्री संपली, आणि वर्ष सरायच्या आत काकाही गेले. पुढच्या मार्चमध्ये सुशांतनं काकूंना सहा महिन्यांसाठी आमच्याकडे अमेरिकेत आणलं. मॉरिसव्हिलमधल्या आमच्या मित्रमंडळींना कठड्यावर टॉवेल वाळत घातला तरी सोसायटीचं पत्र येतं. आम्ही मात्र हौसेनं लांब, चॅटम काउंटीच्या झाडीत घर घेतलेलं. त्यामुळे सुशांतला कोंबड्या पाळायची हुक्की आली तेव्हा अडवायला माझ्याशिवाय कोणी नव्हतं. त्याच्या हुक्क्या इंटरनेटवर जन्मतात आणि माझ्या गॅरेजमध्ये वाढतात.

"यार रेणू, काकूला तेवढाच विरंगुळा," तो म्हणाला.

"विरंगुळा? जखमेवर मीठ आहे ते," मी म्हणाले. पण त्यानं ऑर्डर करून टाकली होती. इथे नुकती जन्मलेली पिल्लं टपालानं येतात; एके दिवशी सकाळीच पोस्टातून फोन आला, तुमचं खोकं ओरडतंय, लवकर घेऊन जा.

गॅरेजमध्ये पत्र्याच्या टबात भुसा पसरून सुशांतनं तांबडा बल्ब टांगला होता. काकूंनी त्या उबेत नुसता हात धरला, बल्ब वीतभर वर घेतला आणि तिथेच स्टूल टाकून बसल्या. त्या दिवसापासून गॅरेज त्यांचं झालं. पिल्लं चिवचिवली तर ठीक. ऊब पुरून गप्प झाली, की त्या लगेच टबाच्या कडेवर बोटानं टकटक करत. बिचारी दचकून ओरडायला लागली की काकूंच्या चेहऱ्यावर जरा रंग यायचा. मला वाटायचं, म्हातारपणी माणसं अशीच विचित्र होत असतील.

एप्रिल संपत आला. पिल्लांना पिसं फुटली, टब पुरेना, गॅरेजमध्ये घाण वास सुटला. सुशांतनं मागच्या अंगणात खुराडं बांधलं, पुढे जाळीचं आवार केलं. पण काकू पिल्लं हलवू देईनात. आज वारा आहे, आज आभाळ आहे. अखेर एका दुपारी पिल्लं चोची उघडून धापा टाकताना मी पाहिली आणि माझा तोल गेला.

"अहो काकू, उकडून मरतील ती! नक्की कशाची भीती वाटते तुम्हाला?"

काकूंनी बल्ब बंद केला. मग टबाकडे बघतच बोलल्या.

"आत आहेत तोवर हाक लागत नाही गं. बाहेर काढली की कधी ना कधी सुटणार, मग संध्याकाळी बोलवावी लागणार. मी नाही बोलावणार."

मग त्यांनी नवापूरचं सांगितलं. बर्ड फ्लूच्या वेळी शेडमधल्या कोंबड्या सरकारच्या पांढऱ्या कपड्यांतल्या माणसांनी मारायला भराभर नेल्या. पण काकूंच्या परसात काही गावरान कोंबड्या होत्या, मोकळ्या फिरणाऱ्या. त्या माणसांना बघून उधळल्या. कोणी चिंचेवर, कोणी पत्र्यावर. माणसं घामाघूम झाली. शेवटी त्यांच्यातला एक म्हणाला, बाई, तुम्हीच बोलवा, तुमचं ऐकतील.

"मी बोलावलं," काकू म्हणाल्या. "सगळ्या आल्या. चिंचेवरची पण आली. पायाशी येऊन वर बघत उभ्या राहिल्या, दाणे टाकीन म्हणून. हाक माझी, आणि उचलणारे हात दुसऱ्यांचे." नंतर रिकाम्या शेडमधून त्यांना फडफड ऐकू यायची. बादली घेऊन धावायच्या. काका म्हणायचे, अगं, काही नाहीये तिथे.

मी नुसता त्यांचा हात धरला.

पण पिल्लांना हलवणं भागच होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सुशांतनं आणि मी ती खोक्यातून खुराड्यात नेली. काकू मागच्या दारात उभ्या राहिल्या. पायरी उतरल्या नाहीत.

संध्याकाळी दाणे घालायला गेले तर आवार रिकामं. सुशांतरावांनी इंटरनेटबरहुकूम ठोकलेली जाळी एका कोपऱ्यात जमिनीपासून सुटली होती. पिल्लं झुडपांखाली जाऊन बसलेली. पाइनच्या फांदीवर ससाणा, मान खाली घालून नेम धरलेला. मी टाळ्या वाजवल्या, तो हलला नाही. झुडपात हात घातला तर पिल्लं आणखी पांगली, एक उघड्या गवतावर गेलं. फांदीवरचे पंख उलगडले.

"तीऽ तीऽ तीऽ तीऽ!"

काकू अनवाणी अंगणात आल्या होत्या. असा खणखणीत आवाज त्या बाईकडे असेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. आणि पिल्लं आली. झुडपांतून, गवतातून, एकमेकांना तुडवत धावत आली आणि त्यांच्या पायांशी उभी राहिली. ससाणा उडून गेला.

मी बघतच राहिले. जन्मात न ऐकलेल्या हाकेला पिल्लं अशी धावत नाहीत. म्हणजे ही हाक त्यांच्या ओळखीची होती. गॅरेजचं दार लावून घेतल्यावर, कोणी ऐकत नसताना...

"जायची तोंडातून," काकू पुटपुटल्या. "नको नको म्हणताना जायची. बघ ना, आली. त्याही अश्शाच आल्या होत्या."

मी पिल्लू उचलायला वाकले.

"हात लावू नकोस!" त्या केवढ्यांदा ओरडल्या. "कोणी हात लावायचा नाही."

एकेक पिल्लू त्यांनी स्वतः उचललं, छातीशी धरलं आणि खुराड्यात ठेवलं. कडीही स्वतःच लावली. मग फळीला कान लावून उभ्या राहिल्या. आत पिल्लं एकमेकांना खेटत बारीक कुरकुरत होती.

"रेणू, इकडे ये. आवाज येतोय का तुला?"

"येतोय काकू."

"तुलाही येतोय? नक्की?"

मी फळीला कान लावला. "नक्की."

"परत ऐक," काकू म्हणाल्या.