बर्फानं अडवलेला पाडवा

बडोद्याच्या घडियाळी पोळातल्या, म्हणजे त्या जुन्या गल्लीतल्या, दिघ्यांच्या घरात बळवंतरावांचा शब्द शेवटचा. वडील संस्थानच्या कारभारात होते. संस्थान गेलं, पण थोरल्या मुलाचा हुकूम राहिला. धाकट्या भावाच्या, सदानंदांच्या मुलीनं, नीरानं, हिमाचलात, किन्नौरमधल्या एका नेगी मुलाशी लग्न केलं तेव्हा बळवंतराव म्हणाले, "या घराची दिवाळी आता तिच्यासाठी बंद." सदानंद खाली बघत बसले. चार वर्षं बसूनच राहिले.

पाचव्या वर्षी, दिवाळीच्या तोंडावर, त्यांची बायको निरुपमा फराळाचे डबे बांधू लागली.

समोरच्या ओट्यावरून कोकिलाबेननी विचारलं, "बेन, क्यां ऊपड्यां?"

"लेकीकडे," निरुपमा म्हणाली, आणि माडीवर नीट ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "यंदा आमची दिवाळी तिकडे."

बळवंतरावांनी सदानंदांना वर बोलावलं. "तू सोबत जा. लक्ष्मीपूजन झालं की बायकोला घेऊन परत निघ."

म्हणून सदानंद गेले. लेकीच्या गावी, कल्पाला पोचल्यावर जावयाशी 'हां' आणि 'नहीं' यापलीकडे बोलले नाहीत. नीरानं वाकून नमस्कार केला तेव्हा हात अर्ध्यावर उचलून त्यांनी मागे घेतला. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळीच त्यांनी बॅग भरून दाराशी ठेवली.

सकाळी दार उघडलं तर सफरचंदाची सगळी बाग पांढरी. बर्फ अजून पडतच होता, अगदी निवांत.

"बाबूजी, इतनी जल्दी तो यहाँ भी नहीं गिरती," जावई म्हणाला. "नीचे सड़क बंद है."

निरुपमा उंबऱ्यात उभी राहिली. तिनं बर्फ पूर्वी फक्त गोळेवाल्याच्या गाडीवर पाहिला होता. पदरावर पडलेला चुरा तिनं झटकला नाही. डोळे मिटून हात जोडले. जे चार वर्षांत कोणा माणसाकडून झालं नव्हतं, ते या बर्फानं न मागता केलं होतं.

मग ती आत वळली. "नीरा, पाट मांड. आज पाडवा आहे. बाबांना ओवाळ."

"अगं, पण दादा..." सदानंद पुटपुटले.

"दादा बडोद्याला आहेत. पाटावर बसा."

ते बसले. नीरानं कुंकू लावलं, तबक फिरवलं. सदानंदांनी खिसे चाचपले, मग मनगटावरचं घड्याळ काढून तबकात ठेवलं आणि लेकीचं डोकं छातीशी धरलं. चुलीपाशी जावई उगाचच लाकडं सारत राहिला.

दुपारी त्यांनी पोस्टातून बडोद्याला फोन लावला. बळवंतराव काहीतरी बोलत होते. निरुपमानं नवऱ्याच्या हातून रिसीव्हर घेतला.

"दादासाहेब, बर्फानं रस्ता बंद आहे. आणि उघडा असता तरी आज आम्ही निघालो नसतो. पुढच्या वर्षी ही दोघं आपल्याकडे येतील. माझ्या चुलीवरचं जेवतील."

आणि आली. पोळातल्या लोकांनी खिडक्यांतून पाहिलं, मग एकेक जण करंज्या खायला खाली उतरला. बळवंतराव माडीवरून हलले नाहीत. निरुपमानं त्यांच्यासाठी फराळाचं ताट वर पाठवलं. ते तसंच परत आलं. तिनं ते कोकिलाबेनच्या हाती दिलं आणि जावयाला आणखी एक करंजी वाढली.