सुगंधी पेंड

नोकरीत मी माणसांची बरीच प्रेतं पाहिली आणि त्यातली बहुतेक विसरलो. पिंपळनेरजवळच्या एका खेड्यातला मेलेला बैल मात्र अजून डोळ्यांपुढून जात नाही. भर दुपारी तो निंबाखाली आडवा पडला होता. मागच्या बाजूला माशा घोंगावत होत्या, पण तोंडावर एकही बसत नव्हती. मी वाकलो. त्या तोंडाला गुलाबासारखा वास येत होता. अंगावर सरसरून काटा आला, हे कबूल करायला आता लाज वाटत नाही.

मी तेव्हा नवा फौजदार होतो. पोलीस पाटलाची वर्दी आली होती की आठ दिवसांत सात बैल रक्ताची हगवण लागून मेले, गाव एका म्हातारीवर उठला आहे आणि ताबडतोब कोणी आलं नाही तर तिचा जीव जाईल. मी घोडा काढला.

म्हातारी गावाबाहेर एकटी राहायची. रानातलं रोशा गवत कापून तेलाच्या भट्टीला द्यायची. त्या तेलाला गुलाबाचा वास असतो. तिच्या झोपडीतही तोच वास, आणि तिची एकुलती गाय ठणठणीत! लोकांना आणखी काय हवं?

"साहेब, तिना घरमा बी हाऊच वास शे," पाटील कुजबुजला. "ती डाकीन शे."

झोपडीभोवती सगळा गाव उभा होता आणि कोणी चकार शब्द बोलत नव्हतं. ओरडणाऱ्या गर्दीपुढे मी कधी डगमगलो नाही, पण त्या दिवशी माझा हात आपोआप पट्ट्याकडे गेला.

तिला चावडीत बसवून मी सरळ विचारलं, "माय, बैलांना तेल तू पाजलंस?"

"चांगला ढोरले तेल कसाले?" ती माझ्यावरच खेकसली. "ढोरनी चारा सोडा, का आंबोणमा दोन थेंब टाकतस. वासवर ते खावाले लागस. फौजदार व्हयनात, इतलंबी माहीत नही?"

मी वरमलो, पण डोक्यात प्रकाश पडला. चारा टाकलेल्या ढोराच्या खुराकात हे तेल गावात सगळेच औषध म्हणून घालत. मग पेंडीलाच तो वास आला, तर शंका कोण घेणार? उलट माल चांगला म्हणून खूश होणार. मी घरोघर फिरलो. बैल गेलेल्या प्रत्येक घरी एकाच व्यापाऱ्याची सरकीची पेंड होती, नाकाशी धरली की घमघमाट. म्हातारीच्या गायीने गवताखेरीज काही खाल्लं नव्हतं. मी पेंडीचा तुकडा म्हातारीला दिला. तिने तो पाण्यात भिजवला, बोटांनी चोळला आणि चकचकीत टरफलं माझ्या तळहातावर ठेवली.

"एरंडी शे," ती म्हणाली. "हाई उसले खत म्हनीसन घालतस. खाई ते ढोर मरस."

पंचनामा करून पेंड मोहोरबंद केली. व्यापारी ठाण्यात दोन तास 'मला काही माहीत नाही' एवढंच घोकत होता. मग मी त्याच्याच गाडीचा बैल सोडून आणवला आणि पेंडीचं घमेलं त्याच्या हातात दिलं. "चार त्याला." घमेलं त्याच्या हातातून पडलं. खताची एरंडी पेंड त्याने सरकीत मिसळली होती आणि जनावरांनी ती खावी म्हणून वरून रोशाचं तेल शिंपडलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी गाव चावडीवर गोळा केला. अंगात भारी मस्ती होती तेव्हा. म्हातारीला सगळ्यांसमोर उभं करून म्हणालो, "हिच्या पाया पडा. हिने नुसत्या बोटांनी विष ओळखलं!" पुढे कोणी आलं नाही. म्हातारी माझी बाही ओढत होती. "साहेब, बस करा. मनं नाव ल्यू नका." मला वाटलं, लाजते आहे.

महिन्याभराने तिच्या साक्षीचं समन्स घेऊन गेलो. झोपडीचं दार उघडं, चूल थंड, खुंट्याला गाय नाही. "कुठे गेली?" मी पाटलाला विचारलं. त्याच्या मागून गावातला एक वयस्कर आबा अगदी शांतपणे म्हणाला, "साहेब, त्या दिन चावडीवर तुम्हीच सांगं ना. जिले जहर वळखता येस, तिले घालताबी येस."

रान पालथं घातलं, विहिरींत गळ टाकले, एकेकाला बोलावून विचारलं. गावाने तोंड उघडलं नाही. व्यापाऱ्याला सक्तमजुरी झाली, मला वरिष्ठांची शाबासकी मिळाली. म्हातारीचा पत्ता कधीच लागला नाही.

चोरांच्या टोळीतल्या खबऱ्याचं नाव मी मेलो तरी सांगितलं नसतं. आमच्या खात्यात हे पहिल्याच वर्षी शिकवतात. या बाईचं नाव मात्र भर चावडीवर ओरडून सांगितलं, कारण ती निर्दोष होती आणि निर्दोष माणसाला कशाला लपवायचं, असं मला वाटलं. गावाला तिचा नुसता संशय होता. खात्री मी पटवून दिली.