गजभियांची करवत

प्रल्हाद गजभिये कुणाकडेही जेवायला गेले, की घरात शिरण्याआधी दारासमोर लागलेल्या गाड्यांभोवती एक चक्कर मारायचे. समोरची काच आणि दार यांच्यामध्ये जो लोखंडी खांब असतो, त्याच्यावर बोटाच्या पेरानं टकटक करायचे आणि कान देऊन ऐकायचे. अमेरिकेत आमच्या नेपरव्हिलला नवीन आलेल्या मराठी लोकांना वाटायचं, यांना गाडी घ्यायची आहे. एकदा एका डॉक्टरांनी कौतुकानं विचारलं, "काय गजभिये, कशी वाटली आमची गाडी?" गजभिये शांतपणे म्हणाले, "चांगली आहे जी. लवकर कापता येईल." डॉक्टर मोठ्यांदा हसले. आम्ही जुने लोक हसलो नाही.

गजभिये नागपूरचे. मेकॅनिकल इंजिनियर. ट्रॅक्टरचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात ते कामाला होते आणि आमच्यापासून दोन घरं सोडून राहायचे. अंगानं लहानखुरे, बोलणं मोजकं. त्यांची बायको कुसुम मात्र अखंड बोलायची. शाळेच्या कँटीनमध्ये काम करायची आणि संध्याकाळी दिवसभराच्या गमती आमच्या ओट्याशी उभी राहून साभिनय सांगायची. गजभिये तिच्यामागे उभे राहून ऐकत असायचे. "तुम्ही कधी बोलणार भाऊजी?" असं मी विचारलं, की म्हणायचे, "आमच्या घरी ते खातं हिच्याकडे आहे." त्यांना मूल नव्हतं. त्यांच्या घरात एक छोटी बुद्धमूर्ती होती आणि तिच्यासमोर कुसुम रोज ताजं फूल ठेवायची. हिवाळ्यात फुलं कुठून आणायची हे फक्त तिलाच ठाऊक.

ब्याऐंशीच्या जानेवारीत, एका रविवारी दुपारी, एका मित्राकडून जेवून परतताना मक्याच्या शेतांमधल्या रस्त्यावर बर्फावरून घसरलेला ट्रक त्यांच्या गाडीवर आला. गजभियांच्या खांद्याचं हाड मोडलं, पण ते स्वतःहून बाहेर आले. कुसुमच्या बाजूनं गाडी आत चेपली होती. ती शुद्धीवर होती, बोलत होती. त्या गावचं अग्निशामक पथक लगेच आलं. सगळे स्वयंसेवकच होते, शेतकरी, दुकानदार, एक शिक्षक. त्यांच्याकडे लोखंड कापायला म्हणून ठेवलेली विजेची करवत होती, पातं पुढे-मागे चालणारी. कुणीतरी पथकाला भेट दिलेली, घरी लाकूडकाम करणाऱ्यांसाठीची. तिनं खांब अर्धा कापला आणि आतून कडकड आवाज आला. मोटर फिरत राहिली, पातं हलेना. मग माणसं हातकरवतीनं घासत बसली. शेजारच्या गावाहून मोठं यंत्र निघालं होतं, ते बर्फात अडकलं. ते पोचलं तेव्हा कुसुम बोलायची थांबली होती.

कुसुमचे शेवटचे विधी झाल्यावर गजभिये त्या पथकाच्या प्रमुखाकडे गेले. त्याचं नाव वॉल्टर. उंच, लाल चेहऱ्याचा, गुरांचं खाद्य विकणारा. हा माणूस आता ओरडणार, कोर्टात खेचणार, अशा तयारीनं तो उभा राहिला. गजभियांनी फक्त ती बंद पडलेली करवत मागितली. ती घेऊन ते आमच्या घरी आले, कारण एक हात गळ्यात बांधलेला होता आणि एका हातानं स्क्रू निघत नव्हते. माझ्या नवऱ्यानं, शरदनं, जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून ती उघडली. आत बोटाएवढं एक दातेरी चाक होतं. त्याचे दात एका बाजूनं पार झडले होते. गजभियांनी ते चाक उचललं, पुसलं, पुन्हा टेबलावर ठेवलं.

"माणसं चांगली होती, शरदराव," ते म्हणाले. "त्यांचे हात रक्ताळले होते. हत्यार खोटं होतं."

आणि मग म्हणाले, "तिला ह्या चाकानं मारलं."

त्यानंतर ते एकाच कामाला लागले. त्या पथकासाठी न थांबणारी करवत शोधायची. खांदा जुळेपर्यंत त्यांना गाडी चालवायची मनाई होती, म्हणून शनिवारी मीच त्यांना घेऊन जायचे. मला वाटलं होतं, दुकानं फिरू. ते दुकानात पाऊलही टाकेनात. "तिथं काय विचारायचं वहिनी? तो तर विकायलाच बसला आहे. बिघडलेल्या कुठं येतात तिथं चला." आम्ही दुरुस्तीच्या दुकानात जायचो. जुन्या इमारती पाडणारे लोक आपली अवजारं तिथं टाकायचे. गजभिये मोडक्या यंत्रांच्या पेटीशी बसायचे, आणि तिथं येणाऱ्या प्रत्येकाला तोच प्रश्न विचारायचे: दिवसभर चालवता, तर आधी काय मोडतं? कुणी सांगे, पात्याची पकड सैल होते. कुणी सांगे, वायर जिथं आत शिरते तिथंच तुटते. कुणी म्हणे, प्लॅस्टिकचं तोंड तापून वाकतं. ते ऐकून घ्यायचे. "उघडून दाखवा न जी," एवढंच म्हणायचे. बाहेरून सगळ्या सारख्याच दिसतात, हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं.

शेवटी तीन करवती त्यांनी निवडल्या आणि तिन्ही विकत घेतल्या. आठवडाभर त्या मागच्या अंगणात बर्फात ठेवल्या. शेजारी पाहून जायचे. मी म्हटलं, "खराब होतील हो." ते म्हणाले, "अपघात काय दिवाणखान्यात होऊन राहिले?" गारठ्यात एकीची वायर काठीसारखी ताठ झाली, ती बाद. दुसरीचं पातं बदलायला लागणारी चावी इतकी बारीक, की जाड हातमोज्यात धरताच येईना. तिसरी जड होती, तोंडाशी लोखंडी, पण मोज्यातल्या हातानं तिचं बटण दाबता येत होतं. चावी त्यांनी दोरीनं तिच्या वायरीलाच बांधून टाकली.

तिची परीक्षा भंगारवाल्याच्या आवारात झाली. वॉल्टर आणि त्याची दोन माणसं जनरेटर घेऊन आली होती. कापायला एक जुनी गाडी उभी होती. गजभिये माझ्याकडे वळले. त्यांना काहीतरी मागायचं होतं आणि ते मागवत नव्हतं.

"वहिनी, तुम्ही आत बसाल का? तिच्या जागेवर?"

वॉल्टरला मराठी कळत नव्हतं, पण तो चमकून पाहायला लागला. मी आत बसले. काचा लागू नयेत म्हणून त्यांनी माझ्या अंगावर जाड ताडपत्री टाकली, डोक्यापासून पायापर्यंत, आणि दार लोटलं. करवत सुरू झाली. तो आवाज कानांनी ऐकायचा नव्हताच. तो दातांतून, बरगड्यांतून येत होता. सगळी गाडी थरथरत होती आणि मला वाटलं, हे लोक मला विसरले आहेत, लोखंडाशी भांडत बसले आहेत. मी हाक मारली. माझी हाक मलाच ऐकू आली नाही.

खांब सुटला, छप्पर मागे उलटलं, ताडपत्री निघाली. वॉल्टर करवतीकडे पाहून मान डोलावत होता. गजभियांनी तिच्याकडे पाहिलंही नाही.

"आत बाहेरचं ऐकू येते का?" त्यांनी विचारलं. "मी त्या दिवशी बोलत होतो तिच्याशी. काचेला तोंड लावून. मी कधी बोललो नाही एवढं बोलून राहिलो होतो. ऐकू आलं असेल का?"

मला खोटं बोलता आलं असतं. पण हा माणूस प्रत्येक गोष्ट उघडून पाहणारा होता. मी म्हटलं, "नाही भाऊजी. काही ऐकू येत नाही."

त्यांनी त्या कापलेल्या खांबावर बोटाच्या पेरानं एकदा टकटक केलं. मग वॉल्टरकडे जाऊन म्हणाले, "करवत हीच घ्या. पण एक माणूस आत पाहिजे. पेशंटच्या शेजारी. मी बारीक आहे, मागच्या काचेतून जाऊ शकतो."

असे गजभिये त्या पथकात शिरले. कमरेला पेजर आला. जेवताना, मीटिंगमध्ये, एकदा तर लग्नाच्या पंगतीत तो वाजला आणि हे उठून गेले. चेपलेल्या गाडीत मागून घुसायचं, माणसाच्या डोक्यावर ताडपत्री ओढायची, स्वतः तिच्याखाली शिरायचं आणि करवत चालू असेपर्यंत त्याच्या कानाला तोंड लावून बोलत राहायचं. इंग्रजी संपलं की मराठी. काही लोक वाचले. काहींचे पाय गेले. काही गेले. कुणी गेलं, की गजभिये येऊन आधी करवतीबद्दल सांगायचे: पातं अडकलं, जनरेटर उशिरा सुरू झाला, अमुक ठिकाणी वेळ गेला. त्यांना नेहमी एक कारण सापडायचं, आणि ते ते दुरुस्त करायचे.

मग शहाऐंशीच्या पावसाळी नोव्हेंबरात एक म्हातारा शेतकरी त्याच्या पिकअप ट्रकवर झाड कोसळून आत अडकला. दुसऱ्या दिवशी गजभिये आमच्याकडे आले. ओट्याशी उभे राहिले. मी चहा ठेवला.

"वहिनी, करवत कुठंच थांबली नाही," ते म्हणाले. "एवढं सरळ काम कधी झालं नव्हतं. पातं नवीन, जनरेटर पहिल्या झटक्यात चालू. म्हातारा माझ्याशी बोलत होता, गाईंचं सांगत होता. छप्पर काढलं, उचलला, बाहेर घेतला. आणि गेला."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"पोटात सगळं आधीच फुटलं होतं. आणखी लवकर काढला असता तरी तेच."

चहा उतू गेला. मी गॅस बंद केला.

"कुसुमचंही तसंच असेल न?" ते म्हणाले. "चाक मोडलं नसतं, तरी?"

"कुणाला ठाऊक, भाऊजी. पण तसं असेल, तर थोडं बरं नाही का वाटत?"

"नाही जी." ते एकदम म्हणाले. मग खाली बसले, स्वयंपाकघरातल्या फरशीवरच, पाठ कपाटाला टेकून. "त्या चाकावर राग होता तोवर बरं होतं. सकाळी उठायला येत होतं. आता राग कोणावर करू?" आणि कुसुम गेल्यानंतर पहिल्यांदा मी त्यांना रडताना पाहिलं. शरद कामावरून आला, तो दारातच थांबला, आणि बूट न काढता त्यांच्या शेजारी फरशीवर बसला.

आता ते पथक सोडतील असं आम्हाला वाटलं. पुढच्याच आठवड्यात पेजर वाजला आणि ते निघाले. मला राहवलं नाही. मी फाटकापाशी अडवून विचारलं, "आता कशाला जाता भाऊजी?"

त्यांनी कोटाची बटणं लावली. "आत कोणीतरी असते न, वहिनी," ते म्हणाले, आणि गाडीत बसले.

आणखी तीन हिवाळे ते जात राहिले. मग एका मार्चमध्ये, कारखान्यात दुपारच्या सुट्टीत सगळे जेवायला गेलेले असताना, ते आपल्या टेबलाशी बसल्या जागी वारले. हृदय बंद पडलं. लोक परत आले तेव्हा चष्मा हातात होता. किती वेळ लागला, काही बोलले का, कुणाला हाक मारली का, हे कुणीच सांगू शकलं नाही. त्यांच्याजवळ त्या वेळी कुणी नव्हतं.