डब्यावर लिहिलेलं

सौंदडच्या फलाटावर गाडी लागली तेव्हा आईने तीन महिन्यांचा विहान माझ्या हातात दिला आणि कुणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाली, "दूध पातर करजो बाई. घट्ट दूध लेकराले पचत नाही." बाळंतपण आटोपून ती मला पुण्याला परत पाठवत होती. मी मान डोलावली.

मला दूध कमी पडत होतं, म्हणून पुण्याला पोचल्यावर डॉक्टरांनी डब्याचं दूध लिहून दिलं. मेडिकलवाल्याने तीन डबे समोर मांडले. चिठ्ठीतला घेतला आणि तिथेच उभी राहून वाचला. तीस मिली पाण्याला एक सपाट चमचा. डॉक्टरांनीही बजावलं होतं, पाणी वाढवलं तर पोट भरतं, पण बाळ उपाशीच राहतं.

डब्यावरचं हे प्रमाण मी आधीही वाचलं होतं, चौथीत असताना. आईचं दूध आटलेलं. ती धानाच्या रोवणीला जायची आणि बाबूला, माझ्या तान्ह्या भावाला, मी दूध पाजायची. आमच्याकडे बाळाला गाईचं दूध निम्मं पाणी घालून देत. आईने डब्याच्या दुधालाही तोच नियम लावला. तिला वाचता येत नव्हतं. मला येत होतं, शिवाय डब्यावर चमच्याचं चित्रही होतं. पण आईला आपण काय शिकवायचं, म्हणून गप्प राहिले आणि ती सांगेल तेवढं पाणी ओतत गेले. बाबू वाळत गेला, पोळ्याआधी गेलाच. गाव म्हणालं, नजर लागली. ते ऐकून मला बरं वाटलं होतं, याची आज लाज वाटते.

आता बाटली उकळते, चमचा सुरीने सपाट करते, तरी हात थबकतो. बाबू मागे बसून बघतोय असं वाटत राहतं. आई फोनवर विचारते, "पातर करून राहिली ना?" मी हो म्हणते.

परवा व्हिडिओ कॉल चालू असतानाच मी सवयीने डब्यावरच्या मापाने चमचे मोजून टाकले. आई बघत होती. मग विहानच्या गुबगुबीत पायांकडे बघत राहिली. म्हणाली, "तवाही डब्यावर असंच लिहून होतं का वं?"

"नाही," मी म्हटलं. "तेव्हाचे डबे वेगळे होते."

"बरं," म्हणून तिने फोन ठेवला.

गाव सोडलेल्या सगळ्यांसारखी मलाही घराची ओढ आहे. पण दिवाळीचं तिकीट मी अजून काढलेलं नाही. तिथे आईसमोर बसून दूध करावं लागेल, आणि ती माझ्या हातांकडे बघत असेल.