माझ्यासमोर कधीच न चुकणारा काटा

अकोल्याजवळच्या एका दालमिलच्या वजनकाट्यावर मी बनवलेलं यंत्र बसवलं होतं. काट्याकडून सिरियल पोर्टातून येणारे आकडे ते कॉम्प्युटरला पोचवायचं. त्या पोर्टाचा ड्रायव्हर, म्हणजे येणारे आकडे वाचणारा प्रोग्रॅम, मी अमरावतीला घरी बसून लिहिला होता. निवृत्तीनंतरही असं काम जमतं, याचा मला ताठा होता.

दुपारी मात्र कधीकधी वजनाच्या जागी भलतीच चिन्हं उमटत. मग काटेवाला हाताने आकडा टाके. मी केबल बदलली, दोन्ही बाजूंचा बॉड रेट, म्हणजे अक्षरं पाठवण्या-वाचण्याचा वेग, ताडून पाहिला. लॅपटॉप जोडून, यंत्राची क्षणाक्षणाची नोंद घेणारा लॉग चालू ठेवून दिवसभर बसलो. एक अक्षर चुकलं नाही. परतताना मूर्तिजापूरही आलं नव्हतं, तर फोन वाजला.

"साहेब, तुमी असले का हे नव्या नवरीवानी गप बसते," काटेवाला म्हणाला. "तुमी गेले का मले शिव्या खाऊ घालते."

मला हसू आलं नाही. हाताने हवा तो आकडा टाकायला मिळावा म्हणून हाच केबल सैल करत असेल, असं मनात आलं आणि ते तिथून हललं नाही. पुढच्या खेपेला मी यंत्र पाहायचं सोडून त्याचे हात पाहत राहिलो. तो फोनवर हळू बोलला, तरी मला ते आपल्याबद्दलच वाटे.

शेवटी रांगेतल्या गाडीवाल्यांसमोर मी मिलच्या मालकांना म्हणालो, "माझ्यासमोर यंत्र कधीच चुकत नाही. आता तुम्हीच समजा."

चोर हा शब्द मी उच्चारला नाही. तो इतरांनी उच्चारला. काटेवाल्याची नोकरी गेली.

तरी चिन्हं उमटतच राहिली. तसंच एक यंत्र मी घरी टेबलावर चालवून पाहत होतो. लॅपटॉपची बॅटरी संपली, लॉग बंद पडला आणि मी जेवायला गेलो. परत येऊन पाहतो, तर यंत्राला जोडलेल्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर तीच चिन्हं. खोलीत कोणीच नव्हतं.

काम नसलं की वीज वाचवायला प्रोसेसर संथ होई. त्याबरोबर पोर्टाचं घड्याळही संथ होई, ड्रायव्हरला त्याची खबरच नसे आणि पुढचं वजन आलं की त्याची अक्षरं चुकीची वाचली जात. दुपारी गाड्या थांबल्या की हेच घडत होतं. माझा लॉग मात्र प्रोसेसरला जागं ठेवत होता. मी पाळत ठेवायचो, म्हणूनच दोष लपायचा.

दुरुस्ती मी गुपचूप टाकली. 'नवी आवृत्ती' एवढंच कळवलं.

काटेवाला आता तिवशाला रस्त्यालगत संत्री विकतो. या हिवाळ्यात त्याच्याकडे गेलो, सगळं सांगितलं. संत्र्यांवर पाणी शिंपडणं त्यानं थांबवलं नाही.

"मले काहून सांगून राहिले? मी काई केलं नाई, हे मले मालूम हाय. जिथं बोलले होते, तिथं जाऊन बोला. गाडीवाल्याईसमोर."

मी अकोल्याला गेलो. मालकांनी खुर्ची पुढे केली. मी उभा राहूनच रांगेतल्या गाडीवाल्यांना हाक मारली आणि चूक मी लिहिलेल्या प्रोग्रॅमची होती, काटेवाल्याचा त्यात हात नव्हता, हे सांगितलं.

"म्हणजे तो तिवशाचा संत्रीवाला?" एका म्हाताऱ्या गाडीवाल्यानं विचारलं.

"तोच."

"मंग त्याले संगं आणाचं होतं ना बाप्पा! त्याच्या माघारी बोलाची सवय गेली नाई वाट्टे तुमची."

मी काटेवाल्याला फोन लावला, स्पीकर सुरू केला आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागलो.